अवघड जागा

रेक्समच्या एका गल्लीत, चर्चच्या मागे,
कपडे दुरुस्तीचं माझं दुकान.
एकवीस वर्षं एकाच लाकडी स्टुलावर.
लोकांच्या पँटी कमरेत सैल करता करता
माझंच बूड स्टुलाला शिवलं गेलं.
दुकानाला संडास नाही,
म्हणून सकाळपासून पाणी टाळायचं.
इथल्या थंडीत तहान तशीही आठवण देत नाही.
दुपारी पाव, संध्याकाळी पाव,
आणि पहाटे नुसतं कुंथणं.

जानेवारीत पांढऱ्याशुभ्र भांड्यात
लाल ठिपके.
ताजं लाल. दोऱ्याचा नंबर सांगू शकले असते.
अकरा दिवस कुणाशी बोलले नाही.
मनात मृत्युपत्र तयार:
पाटल्या रेवतीला,
मशीन समोरच्या पोलिश हालिनाला.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर.
म्हण रचणाऱ्याला काय ठाऊक,
जावई वेल्सचा असेल, नाव गेथिन,
आणि रविवारी जेवताना विचारेल,
"आई, तुम्ही तिरक्या का बसता?"

खुर्ची, म्हटलं.
खुर्ची तर चांगली आहे, म्हणाला.

रेवती भात आणायला आत गेली
तेवढ्यात आमटीकडे बघत
सगळं सांगून टाकलं, इंग्रजीत.
मराठीत जमलंच नसतं.
परक्या भाषेत बुडाला लाज कमी.

त्यानं माप घेतल्यासारखे प्रश्न विचारले:
कधीपासून, किती, खाज, वजन उतरलंय का.
मग म्हणाला, तपासणार मी नाही, मेगन तपासेल,
पण तपासायचं नक्की.
रक्ताला आपण घरी नाव ठेवायचं नसतं.

बुधवारी मेगननं नाव ठेवलं. मूळव्याधच.
बसमध्ये मी मोठ्यानं हसले,
शेजारचा म्हातारा उठून पुढे गेला.

आता रात्री निळ्या टबात कोमट पाणी,
त्यात पंधरा मिनिटं मी, चष्म्यासकट.
माझी आई तुरटी टाकायची.
गेथिन म्हणतो, काही नको, नुसतं पाणी.
इसबगोल, वर भरपूर पाणी,
आणि दुकानाला दर तासाला कुलूप,
हालिनाच्या संडासाची किल्ली माझ्याकडे.

पायाखाली काहीतरी घ्या, म्हणाला,
उकिडवं बसल्यासारखं होईल,
आणि स्वतःच माळ्यावरून काढून आणला
तो पाट,
इचलकरंजीहून लग्नासाठी आणलेला,
ज्यावर मुंडावळ्या बांधून
तोच बसला होता.

कडेला अजून कुंकवाचं बोट आहे.
रेवतीला
अजून सांगितलेलं नाही.