साताने भाग जात नाही

आगरवाड्याला पोचलो तेव्हा ओहोटी होती.
मानशीच्या फळ्या उघड्या,
शापोऱ्याचं पाणी पाय मागे घेत चाललेलं.
दुलबा मिठगांवकर, मयत. वारस सात.
क्षेत्र नऊशे चौरस मीटर.
फाइलीत एवढंच.
तिपाई रोवली तर वीतभर खचली.
चिखलाला कागद ठाऊक नसतो.

पण एके काळी चिखलच कागद होता.
युफ्रेटिसकाठी, चार हजार वर्षांमागे,
कुणी पोर ओला गोळा तळहातावर थापून
बोरूने टोचत बसायचं:
उभी खूण एक, तिरकी खूण दहा,
साठ झाले की पुन्हा तीच उभी,
फक्त एक घर डावीकडे.
एक की साठ, ते ज्याचं त्याने ओळखायचं.
शून्याला चिन्ह नव्हतं. जागा सोडायची नुसती,
पंगतीत न आलेल्या पाहुण्यासाठी सोडतात तशी.

थोरल्या पुरसोने दोरीचं टोक धरलं.
ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात,
मग उरलेल्या दोहोंत.
दोन्ही कर्ण सारखे.
‘बापायन केल्लें,’ म्हणाला, दुसरीकडे बघत.
बाजू तीस. कर्ण बेचाळीस,
वर पंचवीस साठांश,
आणि एका साठांशाचे पुन्हा साठ करून त्यातले पस्तीस.
तिकडे कुणीतरी चौकोनाच्या पोटात
हेच टोचून ठेवलंय, बाजू तीसच धरून.
माझं यंत्र मिलिमीटरपर्यंत बोलतं.
तो त्याच्याही आत गेला होता.

मधला रोहिदास जहाजावर असायचा.
बसऱ्याला दोनदा उतरलेला.
‘थंय पण होच चिखल. माडांच्या जाग्यार खाजूर.’
तिथे म्हणे शेतात मीठ वर आलं
की जव जळून जायचा.
इथे जळण्याचीच वाट बघतात,
मार्चपासून.

बांधावर बसलो, मांडीवर फाइल.
नऊशे भागिले सात.
त्या लोकांकडे पाढे होते:
दोनाचे तीस, तिनाचे वीस,
चाराचे पंधरा, पाचाचे बारा, सहाचे दहा.
साताशी आले की काही जण लिहीत,
साताने भाग जात नाही.
काही तर तेही लिहीत नसत, सरळ आठावर उडी.
ना लाज, ना खाडाखोड.
भाग घालतच राहिलात तर
आठ, चौतीस, सतरा,
आठ, चौतीस, सतरा,
मानशीतून येतं, मानशीतून जातं.

धाकटी शेवंती शिवोलीला दिलेली.
इतका वेळ गप्प होती.
पदर खोचून खोपीतून कुडव घेऊन आली,
लाकडी, काठ झिजून एका बाजूला उतरलेला.
‘माती वांटची न्हय. मीठ वांटचें.’
तीन खंडी पडलं होतं, म्हणजे साठ कुडव.
तळव्याने वरचा कळस पुसत
एक ह्याला, एक त्याला, एक स्वतःला.
आठ फेऱ्या झाल्या. चार कुडव उरले.
‘आनी हें?’ रोहिदासने विचारलं.
‘हें राखणदाराचें.’
आठावर थांबली ती.
चौतीसपर्यंत गेलीच नाही.

मला मात्र रकाना भरायचा होता.
प्रत्येकी एकशे अठ्ठावीस, दशांश, सत्तावन्न.
ताळा करून पाहिला,
साताने गुणल्यावर नऊशेला शंभरावा हिस्सा कमी.
दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद,
तळहातावर मावेल एवढी जमीन
कुणाच्याच नावावर नाही.

वाकलो, तेवढी उचलली, थापून सारखी केली.
पेनचं टोपण काढलं.
काय टोचावं ते सुचेना.
मागे मानशीत पाणी वाजायला लागलं होतं,
आणि पुरसो ओरडत होता,
सायबा, तिपाय काड आदीं.