महिनाअखेर

किंमत तोंडाने सांगायची नाही,
हा पहिला धडा.
इनामुरासान ती बोटभर चिठ्ठीवर लिहीत,
चिठ्ठी पालथी घालून तबकाखाली सरकवत
आणि बागेकडे बघत बसत,
जणू बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून
पाइनच्या फांद्यांना बांधलेले दोर
त्यांना आज पहिल्यांदाच दिसताहेत.

मी मागे, गुडघ्यांवर, पिशव्या सांभाळत.
कानाझावातलं आमचं दुकान सात मजली,
पण ज्यांच्याकडे खरा पैसा
ती माणसं दुकानात येत नाहीत.
दुकान त्यांच्याकडे जातं,
करड्या गाडीतून,
मोज्याला भोक नाही ना, ते दारातच चाचपून.

तोगाशीबाईंकडे आम्ही काय काय नेलं!
काट्याचा आवाज न करणारं स्विस घड्याळ,
लाखेचा डबा, त्यावर सोन्याच्या पुडीची
अर्ध्या केसाएवढी रेघ,
एकदा तर नुसतं खरबूज,
देठासकट, रेशमी कागदात,
बारशाच्या बाळासारखं दोन्ही हातांवर.

"विकायला जाऊ नकोस," ते गाडीत सांगत.
"विकणारा दिसला की समोरच्याला
आपण गिऱ्हाईक आहोत हे आठवतं.
तेवढं एक श्रीमंताला सोसत नाही."

त्यांची एक काळी वही होती, रबर लावलेली.
तीत नातवाच्या बुटाचं माप,
कुत्रा गेला ती तारीख,
लिलीची फुलं नकोत, शिंका येतात,
धाकट्या सुनेचा विषय काढू नये.

आणि संध्याकाळी सातला
आमच्याच दुकानाच्या तळघरात
तळलेल्या माशाच्या डब्यांपुढे ते उभे असत,
अर्ध्या किमतीचं लेबल लागायची वाट बघत.
चेहरा तोच, बागेकडे बघतानाचा.

म्हातारे तोगाशी गेले त्या फेब्रुवारीत
आम्ही रिकाम्या हातांनी गेलो.
दारातला दिवा गेलेला होता.
इनामुरासानांनी खिशातून बल्ब काढला
(तो कधी घेतला, मला कळलंच नव्हतं),
स्टुलावर चढले, लावला, उतरले,
कमरेत वाकले आणि निघालो आम्ही.
वहीत त्या दिवशी: "विक्री नाही.
दिवा, तीनशे दहा येन, पदरचे."
हा जिव्हाळा की पद्धत,
मी तेव्हा विचारलं नाही.
आता वही माझ्याकडे आहे, विचारायला ते नाहीत.

या डिसेंबरात बाईही गेल्या.
मालाचा अंदाज काढायला मला बोलावलं.
जाड मातीच्या भिंतींची कोठी,
आत फळ्यांवर आमच्या दुकानाचे खोके,
फिती जशाच्या तशा, गाठसुद्धा सुटलेली नाही.
घड्याळाला चावी कधी दिलीच नव्हती.
(खरबूज तेवढं खाल्लं असावं.)
प्रत्येक फितीत ती चिठ्ठी अडकवलेली,
मागे बाईंच्या बारीक अक्षरात तारीख:
तीस. एकतीस. अठ्ठावीस. तीस.

आमचा आकडा महिनाअखेरीस भरायचा असतो.
"बरं झालं आलात, मला काहीतरी हवंच होतं,"
त्या म्हणायच्या,
आणि परतताना मी इनामुरासानांच्या
कसबाचं कौतुक करायचो.
ते काही बोलायचे नाहीत.
वायपर लावायचे, बर्फ नसला तरी.

उघडलेला खोका एकच सापडला,
पुठ्ठ्याचा, बल्बचा, रिकामा.

धाकटी सून दारात उभी होती.
"या सगळ्याचे किती येतील?"
मी चिठ्ठीवर लिहिलं, पालथी घातली,
पुढे सरकवली, बागेकडे पाहिलं.
या वर्षी दोर कुणी बांधले नव्हते.
"तोंडानेच सांगा ना," ती म्हणाली,
"माझा चष्मा घरी राहिलाय."

बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी आकडा उच्चारला.
केवढासा वाटला तो, मोठ्याने.