शेरा

नियमांचा फलक मीच रंगवून घेतला,
विश्रामबागेतल्या पेंटरकडून.
दंडाच्या ओळीत तो अनुस्वार विसरला,
तेव्हापासून आमच्याकडे पुस्तक उशिरा आलं
तर रोज एक रुपया ‘दड’ पडतो.
कुणी हरकत घेतलेली नाही.

विद्यार्थ्याला दोन पुस्तकं, सात दिवस.
प्राध्यापकांना दहा, अख्खं सत्र,
आणि सत्र कधी संपतं ते त्यांनाच ठाऊक.
नूतनीकरण दोनदा. त्यानंतर
पुस्तक एक रात्र तरी फळीवर राहिलं पाहिजे.
नियम नऊ. कुणी केला माहीत नाही,
पण मला तो आवडतो.
घरोघर फिरलेल्या पुस्तकाला
एक रात्र पाठ टेकू द्यावी.

निलोफर दस्तगीर पिंजारी, फिजिओथेरपी, दुसरं वर्ष.
६११.७, जाडजूड, हाडांच्या चित्रांचं.
एकवीस दिवस तिच्याकडे होतं.
परत आणलं वडिलांनी,
तिचं प्रॅक्टिकल होतं मिरजेला.
आत यायच्या आधी ते नळावर हात धूत राहिले,
कोपरापर्यंत.
तरी काउंटरवर वास पोचलाच: मार्केट यार्ड,
हळदीची पोती, मार्चचं ऊन.

मी पानं चाळते. ते माझं काम आहे.
नियम बारा: खुणा, डाग, फाटकी पानं, दुप्पट किंमत.
पान दोनशे चौदा. कमरेचा पाचवा मणका.
त्यावर अंगठा, पिवळाधमक,
इतका स्वच्छ उठलेला
की त्याच्यावर बँकेनं कर्ज मंजूर केलं असतं.
पुढच्या पानावर फिकट.
त्याच्या पुढे काहीच नाही.
म्हणजे हा माणूस तिथंच थांबला होता.

मी वर पाहिलं. ते फलक वाचत होते, ओठ हलवत.
“म्याडम, एक रात फळीवर ठेवायचं असतंय म्हणं.
मग उद्या यिऊ का?”

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला दारात.
रुमालात गुंडाळलेलं मुलीचं कार्ड.
रात्रीत मागणी शून्य, तशी नोंद आहे.
पण नियम अकरा: कार्ड ज्याचं, पुस्तक त्याच्याच हातात.
एकोणीस वर्षांत तो मी मोडलेला नाही,
कुलसचिवांच्या मेहुण्यासाठीसुद्धा.
मी म्हटलं, नाही देता येत.
ते म्हणाले, “बरं.”
नाही ऐकायची सवय असलेल्या माणसाचं
‘बरं’ फार चटकन येतं.

ते जिन्यापर्यंत गेले आणि मी
भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला सारलं.
फलकाची शेवटची ओळ त्याच्यामागे गेली होती,
कितीतरी दिवाळ्यांपूर्वी.
नियम सतरा: वाचनकक्षात बसून वाचण्यास
कार्डाची आवश्यकता नाही.
मी हाक मारली.

बसले. पंख्याखाली नाही, खिडकीपाशी.
पान उलटायला बोटांची मागची बाजू वापरत होते.
मध्येच उठून काउंटरला आले.
“ह्यो सगळ्यात खालचा,” स्वतःच्या कमरेवर हात ठेवून,
“ह्येला किती किलो झेपतंय, लिवलंय का कुठं?”
लिहिलं होतं, इंग्रजीत. मी शोधून आकडा सांगितला.
ते मोठ्यांदा हसले.
वाचनकक्षात हसू नये, नियम चार.
“पोतं साठाचं. दिसाला दीडशे.
पुस्तकवाल्यानं यार्ड बघितल्यालं दिसत न्हाई.”

साडेअकराला सौदे सुरू होतात.
गेले, खुर्ची आत सारून.

आदल्या दिवशीची परताव्याची नोंद अजून अर्धीच होती.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
पान २१४, डाग, मी लिहिलं.
मग बराच वेळ पेन तसंच.
मग पुढे: जुना.

हे खोटं नाही.
दिवसाला दीडशे पोती.
किती वर्षं,
ते मी विचारलंच नव्हतं.