ज्वारी भिंतीला चिकटत नाही

गडाखालच्या भट्टीला पीठ मी देते.
रोज दोन पायल्या, चाळून.
कोंडा माझा, असा ठराव आहे.
जात्याच्या खाचेत जे अडकतं तेही माझंच,
ते ठरावात नाही.

देवगिरीचं नाव पालटलं, असं कुळकर्णी सांगून गेला.
दौलताबाद म्हणायचं.
मी एकदा म्हणून पाहिलं, भरल्या तोंडाने जमेना.
शेळ्यांना कुणी विचारलं नाही,
त्या जुन्याच डोंगराला चरतात.

बाकी काय बदललं?
गहू रानात असतो तोवर गहू,
पोत्यात शिरला की गल्ला,
भट्टीतून निघाला की नान,
आणि नान झाला की आपला नाही.
मेंढराचंही तेच.
लांडग्याच्या भयाने रात्रभर जे उराशी धरलं,
ते दुसऱ्या दरवाज्याच्या आत गेलं की गोश्त.

आधीचे राजेही नेतच होते.
त्यांचे शब्द आपले होते, म्हणून
काय नेलं ते ऐकू यायचं.

भट्टीवर फखरू.
दिल्लीहून चालत आला, चाळीस दिवस.
निघाले तेव्हा घरातली पाच माणसं,
पोचले तेव्हा तो आणि खमिराचं एक मडकं.
मडकं छातीला बांधून आणलं,
रोज मूठभर पीठ त्याला चारत,
स्वतःच्या वाट्याचं.
धाकटी नर्मदेच्या अलीकडे गेली,
हे त्याने मला बोटांनी सांगितलं.
नदी दाखवायला परातीतल्या पिठात रेघ ओढली.
मी ती पुसली नाही.
त्यानेही नाही.
मग त्याच पिठात त्याने पाणी ओतलं,
वर सरदारांची जेवणं खोळंबली होती.

तो म्हणायचा आटा, मी म्हणायची पीठ,
काम अडलं नाही.
चैत्रात त्याला आंबील दिली तर थुंकला.
वैशाखात मागून प्यायला.
जवस, लसूण, मीठ, दोन पिंपळ्या,
पाट्यावर वाटून त्याच्या हातावर ठेवलं
तर डोळ्याला पाणी आलं,
तिखटाचं असेल.
एकदा करपलेला एक नान त्याने
कोंड्याच्या टोपल्यात दडवून मला दिला.
आम्ही चौघांनी तो खाल्ला.
सासू म्हणाली, मऊ आहे, पण पोटात राहत नाही.

पुढे विहिरींना तळ दिसायला लागला
आणि दिल्लीकडून उलटा हुकूम आला.
फखरू पुन्हा पाय बांधायला बसला,
चिंध्या मीच आणल्या.
वाटेला बारा भाकरी दिल्या, कडक शेकलेल्या.
त्याने मडक्यातलं अर्धं खमीर
माझ्या गाडग्यात ओतलं
आणि गाडग्याकडे बघून काहीतरी म्हणाला,
लेकराला सांगावं तसं.
मला त्यातला एकच शब्द कळला: आटा.

त्या रात्री मी भट्टीत तुराट्या पेटवल्या.
गहू घरात नव्हताच.
ज्वारीचं पीठ मळलं, थापलं,
त्याच्यासारखा हात आत घालून भिंतीला दाबलं.
भाकरीला तडा गेला,
ती निखाऱ्यांवर पडली.
दुसरीही पडली.
तिसरी मी धरून ठेवली, कोपरापर्यंत भाजलं.
ज्वारी भिंतीला चिकटत नाही.
तिला खालून खापर लागतं, वरून पाण्याचा हात.

राख झटकून तिन्ही खाल्ल्या.

गाडगं कोनाड्यात ठेवलं होतं.
चारायला तरी काय, ज्वारीच.
दुसऱ्या सकाळी ते फसफसून काठाबाहेर आलेलं,
कोनाड्याखालची भिंत ओली.
मी त्यातलंच आंबलीत घातलं, ताकाचा थेंब नव्हता.
वांको रानातून आला, एक घोट घेतला.
आंबट झालीय, म्हणाला,
नेहमीची नाही ही.
आणि वाडगं पुन्हा पुढे केलं.