तृतीय पक्ष

मार्चअखेर. शेंद्र्याच्या काचेच्या खोलीत
एसी पंचवीसच्या खाली आणू नये,
ही सूचना मीच टाइप करून भिंतीला लावलेली.
समोर दोनशे सोळा रकाने.
प्रत्येकाच्या कोपऱ्यात चिमुकला लाल त्रिकोण,
त्यावर माउस नेला की उघडतं
काय मोजायचं,
आणि काय मोजलं नाही तरी चालेल.

वीज सोपी. बिल येतं.
डिझेलची वही इसाकभाईंकडे,
त्यांच्या तेलकट अंगठ्याखाली सात आणि एक सारखेच.
फोन केला तर म्हणाले,
"मॅडम, सातच लिवा,
एका लिटरात जनरेटर नुस्तं खोकतंय."
मी सात लिहिते.
सात गुणिले काहीतरी, बरोबर कार्बन.
काहीतरी किती ते मुख्यालयातून येतं.

झाडं लावली: पाचशे.
जगली किती, त्याला रकाना नाही.
पार्किंगच्या कडेचा कडुलिंब कुणी लावला नव्हता,
तो तेवढा जगलाय,
पण त्याला धरता येत नाही.

मग माणसं.
कायम: तीनशे बारा. त्यात स्त्रिया अकरा,
अकरात एक मी.
कंत्राटी: लागू असल्यास.

लागू असल्यास कौशाबाई,
सहाच्या पाळीला कुंभेफळहून चालत येते,
मशीनखालचं कूलंट पुसते,
आणि विचारते, "एवढं काय लिवता वं दिवसभर?"
लागू असल्यास दिगंबर मुळे.
ऑगस्टात प्रेसखाली त्याची करंगळी गेली.
दुसऱ्या दिवशी गेटवर खुर्ची दिली, हजेरी लावली.
हजेरी लागली म्हणून दिवस बुडाला नाही,
दिवस बुडाला नाही म्हणून
झालेलं झालं नाही.
गेटवर फलक आहे: अपघाताविना सहाशे चाळीस दिवस.
रोज सकाळी स्टुलावर चढून
दिगंबरच आकडा बदलतो,
नऊ बोटांनी, सावकाश,
पाटी वाकडी होऊ न देता.

पाणी मी दरवर्षी शेवटी ठेवते.
जायकवाडीचं, मीटरप्रमाणे.
भूगर्भातलं: शून्य. आपली बोअर सीलबंद,
सीलचा फोटो जोडला आहे.
तृतीय पक्षाकडून: इथं टँकरच्या पावत्या,
दोऱ्यात ओवलेल्या, हळदीकुंकवाच्या दुकानातल्यासारख्या.
गाडी नंबर. फेरी. दहा हजार लिटर.
भरल्याचं ठिकाण: हिवरटाकळी.

हिवरटाकळी.
पुढची पावतीही. त्याच्या पुढचीही.

म्हणजे भुजंगमामाची विहीर.
म्हणजे ज्या काठावरून उडी मारायला
मला त्यानंच शिकवलं,
कमरेला वाळके भोपळे बांधून.
मामाचं चांगलं चाललंय. नवी गाडी घेतली,
दिवाळीला मला पैठणी.
आई मात्र फोनवर म्हणते,
"रातभर मोटार चालती गं त्याची, डोळ्याला डोळा नाही.
आन् हातपंप नुस्ता हवा सोडतोय."
आईनं दाराच्या मागं खडूनं रेघा मारल्यात,
एका हंड्याला एक.
मागच्या आठवड्यात नऊ, सात, सात, चार.
तिला कुणी फॉर्म दिलेला नाही.

मी बेरीज केली. दोनदा.
अठरा हजार चारशे किलोलिटर.
आकडा बरोबर आहे, हीच अडचण आहे.
चुकीचा असता तर दुरुस्त केला असता.

पुण्याहून तपासनीस आले, तरुण, बारीक चश्मा,
तीन पावत्या काढून पडताळल्या, टिक केली.
"तृतीय पक्ष म्हणजे बाहेरचेच ना, मॅडम?"
मी पावत्यांचा दोरा गुंडाळत होते.
उत्तराची वाट न पाहता
त्यांनी काचेची बाटली उचलली,
प्लास्टिकमुक्त परिसर, पान चौदा,
निम्मी एका दमात संपवली
आणि म्हणाले,
"पाणी गोड आहे हो तुमच्याकडचं."

"हो," मी म्हटलं,
"आमच्याकडचंच."