शिल्लक

क्लेम परत आला. तिसऱ्यांदा.
‘कुपी शंभराची, डोस ऐंशीचा.
उरलेल्या वीस मिलिग्रामचा खुलासा करावा.’

खानापुरात, स्टेशन रोडवर, पंखा बंद.
मी लिहिते : फोडलेली कुपी टिकत नाही.
पिवळ्या पिशवीत गेली.
सिस्टर फिलोमिनाची सही आहे, वेळेसकट.

बाकावर यल्लूबाई होनगेकर,
कानडी कार्डावर यल्लव्वा.
दुसऱ्यांदा त्यावरूनच अडलं होतं,
तेव्हा मी शिक्का मारून दिला :
ह्या दोघी एकच बाई.

आता ती पुढं वाकून विचारते,
‘एवढं महागाचं टाकलासा कशाला?
मलाच घालायचं की हो.’

साडेचारला कुरियरवाला येतो.
मी तिचं कार्ड
पुन्हा झेरॉक्सला लावते,
दोन्ही बाजूंनी.