परातीतला खार

शमीमभाईंनी टाकी उघडली
आणि आमच्या परातीत ओतला खार,
पांढरा, करकरीत, सव्वा किलो तरी असेल.
"तेईस साल का तिघरा है, बाईसाहेब,"
म्हणाले, आणि परात माझ्याकडे सरकवली,
जणू हिशेब मीच द्यायचा होता.

रॉड बदलून मिळेल, साडेसातशे.
टाकीच्या बुडाला मात्र गंज धरलाय.
डाग दिला तर ही थंडी निघेल,
पुढच्या थंडीचं कुणी सांगावं.
नवा घ्याल तर नऊ हजार,
जुन्याचे चारशे वजा.

लष्करात आज धुकं एवढं, की
समोरचं दंडवत्यांचं फाटकही दिसेना.
ह्यांनी स्वेटरवर स्वेटर चढवून
पावती शोधून काढली:
हमी संपली त्या वर्षी मृणालिनी दहावीत होती.
ती फोनवर म्हणते, घेऊन टाका, मी पैसे पाठवते.
हे चिडतात.
गीझरवर नाही, त्या 'पाठवते'वर.

मी विचार करते बादल्यांचा.
पहिली त्यांची, दुसरी माझी,
मधे वीस मिनिटं लाल दिवा.
तेवढ्यात चहा होतो, पेपर वाटून होतो,
भांडण असेल तर तेही बहुधा निवतं.
नव्यात म्हणे पाणी लगेच तापतं.

"डाग द्या," मी म्हणते.
"फिर आना पड़ेगा मुझे."
"या की."

आता दिवा लागलाय.
खाली पातेलं ठेवलंय, टप्, टप्,
आणि हे मधूनच उठून बघून येतात
किती भरलं.